डिझेलचा हट्ट आणि सर्व्हिस बुकातील आकडे

मागील लेखात बँक खात्यांच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या दूरध्वनींपैकी निम्म्यांत विषय शेवटी कर्जावर आणि त्यातही गाडीच्या कर्जावर येऊन थांबला. योगायोग असा, की त्याच सुमारास माझ्या घरीही हाच विषय चालू होता. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा जानेवारीतील एका रविवारी सकाळी आला तो हातात कोटेशनची फाईल घेऊनच. पुण्यात अप्पा बळवंत चौकात त्याचे वह्या व स्टेशनरीचे घाऊक दुकान आहे, राहतो बिबवेवाडीत. बसता बसताच तो म्हणाला, "मामा, पाडव्याला नवी गाडी घ्यायची म्हणतोय. हॅचबॅकच, पण डिझेल. कर्ज कुठून घ्यावे तेवढे तुम्ही सांगा."

म्हणजे गाडी कोणती हे ठरले होते, मला विचारायचे ते फक्त व्याजाचे. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी असे शेकडो अर्जदार पाहिले. कर्ज किती टक्क्यांनी मिळेल याची चौकशी ते कसोशीने करतात, कर्ज मुळात कशासाठी घेत आहोत हा प्रश्न मात्र टेबलावर येतच नाही. मी चहा येईपर्यंत फाईल चाळली आणि त्याला विचारले, "डिझेलच का?"

"दाजींच्या काळापासून आपली डिझेलच आहे. परवडते ती," त्याने उत्तर दिले. दाजी म्हणजे त्याचे वडील. आमच्या घरात सगळी भाचरे बापाला माझ्यासारखेच दाजी म्हणतात.

आता येथे मला एक कबुली दिली पाहिजे. 2012 च्या पाडव्याला दाजींनी जी डिझेल गाडी घेतली, तिचे कर्ज माझ्याच शाखेतून गेले होते आणि डिझेल घ्या असा आग्रहही माझाच होता. तो काळ वाचकांना आठवत असेल. पेट्रोलचे भाव 2010 सालीच सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले होते, डिझेल मात्र सरकारने धरून ठेवले होते. दोहोंत लिटरमागे सुमारे 25 रुपयांचे अंतर पडले होते. त्याच वर्षी मे महिन्यात पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांनी वाढले तेव्हा तर डिझेल गाड्यांसाठी महिनोनमहिने प्रतीक्षायादी लागली. फियाटचे 1.3 लिटरचे मल्टिजेट इंजिन त्या वेळी मारुती, टाटा आणि स्वतः फियाट अशा तीन कंपन्यांच्या गाड्यांत बसत होते. लोक त्याला थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणत. दाजींची गाडीही त्याच इंजिनाची.

त्या वेळचा हिशेब माझ्या जुन्या डायरीत सापडला. पेट्रोल 70 रुपये, शहरात लिटरला 13 किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला 5 रुपये 38 पैसे. डिझेल 45 रुपये, लिटरला 18, म्हणजे अडीच रुपये. किलोमीटरमागे 2 रुपये 88 पैशांची बचत. दाजी आठवड्यातून दोनदा तरी ऑर्डर घ्यायला आणि वसुलीला बारामती, फलटण, सातारा अशी फेरी करीत. वर्षाला साडेपंधरा हजार किलोमीटर सहज होत. वर्षाची बचत 45 हजारांच्या घरात, आणि डिझेल गाडीची जादा किंमत होती साधारण एक लाख. सव्वादोन वर्षांत पैसे वसूल. आजही तो सल्ला मला चुकीचा वाटत नाही.

भाच्याला मी विचारले, "तुझे रोजचे चालणे किती?" तो म्हणाला, पन्नास-साठ किलोमीटर असेल. व्यापारी माणूस वहीच्या रिमात पाच कागद कमी आले तर ओळखतो, पण स्वतःच्या गाडीचे चालणे त्याला कधी माहीत नसते. मी त्याला जुन्या गाडीचे सर्व्हिस बुक आणायला परत घरी पाठवले. तो थोडा नाराज झाला, पण गेला.

सर्व्हिस बुक हा माझ्या मते गाडी निवडण्यासाठीचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज होय. पहिल्या पाच वर्षांत गाडी 81 हजार किलोमीटर चालली होती. पुढे दाजींचे गुडघे दुखू लागले, करोनाची वर्षे आली, ऑर्डरी फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागल्या, माल ट्रान्सपोर्टने जाऊ लागला, वसुली खात्यावर. 2023 च्या जानेवारीत आकडा होता 1 लाख 16 हजार, या जानेवारीत 1 लाख 42 हजार 400. तीन वर्षांत 26 हजार 400 किलोमीटर, म्हणजे वर्षाला 8 हजार 800. बिबवेवाडी ते अप्पा बळवंत चौक हे अंतर सहा-सात किलोमीटरच आहे. दुकानाची पद्धत बदलली, पण गाडी निवडण्याची पद्धत तीच राहिली होती. मी त्याला म्हटले, "दाजींची गाडी परवडत होती, कारण दाजी फिरत होते. तू गल्ल्यावर बसतोस." त्याला ते लागले असावे. काही वेळ तो बोललाच नाही.

मग आम्ही दोघांनी कागद घेतला. आज नव्या हॅचबॅकमध्ये डिझेल हवे असेल तर निवडच उरलेली नाही. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि मारुतीने डिझेल बंदच केले. फोक्सवॅगन पोलोचे डिझेल त्याच वेळी गेले. ह्युंदाईच्या लहान गाड्यांतील डिझेल इंजिनेही पुढील तीन वर्षांत बंद झाली. डिझेलचा धूर स्वच्छ करणारी यंत्रणा लहान गाडीत बसवायची म्हणजे गाडीची किंमत गिऱ्हाइकाच्या हाताबाहेर जाते, हे कंपन्यांचे गणित. उरली ती टाटांची अल्ट्रोझ, दीड लिटरच्या इंजिनाची. डिझेल इंडिकाने ज्या कंपनीला मोटारींच्या धंद्यात उभे केले, तीच या वर्गात शेवटपर्यंत डिझेल विकत राहिली आहे, हे पिंपरीच्या शेजारी राहणाऱ्या आपणा पुणेकरांना योग्यच वाटावे.

तेव्हा तुलना एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल प्रकारांत करायची. सोयीसाठी गोल आकडे घेतो, वाचकांनी आपल्या कोटेशनातील आकडे घालावेत. शोरूमची किंमत पेट्रोलची 7 लाख, त्याच दर्जाच्या डिझेलची 8 लाख 10 हजार धरू. फरक 1 लाख 10 हजार. बहुतेक लोक येथेच थांबतात. परंतु महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी गाडीला एकरकमी रस्ता कर पेट्रोलला 11 टक्के आणि डिझेलला 13 टक्के आहे, आणि तो टक्काही वाढलेल्या किमतीवर बसतो. पेट्रोलचा कर 77 हजार, डिझेलचा 1 लाख 5 हजार 300. येथे आणखी 28 हजार गेले. विम्याचा थोडा फरक धरून रस्त्यावर येईपर्यंत अंतर 1 लाख 40 हजारांवर जाते.

आता इंधन. त्या आठवड्यातील पुण्याचे भाव गोल करून पेट्रोल 104, डिझेल 91. शहरातील गर्दीत पेट्रोल गाडी 13 आणि डिझेल 17 किलोमीटर देईल असे धरले. कंपनीचे छापील आकडे याहून बरेच मोठे असतात, पण ते स्वारगेटच्या चौकात मोजलेले नसतात. पेट्रोलला किलोमीटरमागे 8 रुपये, डिझेलला 5 रुपये 35 पैसे, बचत 2 रुपये 65 पैसे. येथे मी भाच्याला माझी 2012 ची डायरी दाखवली. तेव्हा बचत 2 रुपये 88 पैसे होती, तीही चौदा वर्षांपूर्वीच्या रुपयात. डिझेलचे नियंत्रण ऑक्टोबर 2014 मध्ये उठले आणि स्वस्ताई तिथेच संपली. आपल्या मनात मात्र ती अजून चालू आहे.

1 लाख 40 हजार भागिले 2 रुपये 65 पैसे, म्हणजे 52 हजार 800 किलोमीटर. त्याच्या चालण्याने सहा वर्षे. आणि हे व्याज न धरता. जादा रक्कम कर्जातूनच येणार असल्याने 9 टक्के दराने पाच वर्षांत तिचे 1 लाख 74 हजार फेडावे लागतात. डिझेलच्या सर्व्हिसिंगचा खर्च वर्षाला तीन हजारांनी जास्त धरला, तर वर्षाची निव्वळ बचत 20 हजार आणि काही शेकडे उरते. साडेआठ वर्षे. "तोवर तुझी मुलगी दहावीला बसेल," मी म्हटले.

व्याजाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. शोरूममध्ये बसलेला कर्जाचा माणूस "फक्त पाच टक्के" असे म्हणतो, तेव्हा तो फ्लॅट दर असतो का हे विचारावे. पाच वर्षांच्या हप्त्यांत 5 टक्के फ्लॅट म्हणजे बँकेच्या घटत्या शिलकीवरील 9 टक्क्यांहून थोडा अधिकच दर होतो. दोन ठिकाणचे दर ताडून पाहण्याऐवजी लाखामागे मासिक हप्ता किती, एवढेच विचारावे. 9 टक्क्यांना पाच वर्षांचा हप्ता लाखामागे 2 हजार 76 रुपये येतो. त्याहून जास्त सांगितला तर दर जास्त आहे, मग तो कोणत्याही नावाने सांगितलेला असो.

पैशांखेरीज दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. नव्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक गाळणी असते, डीपीएफ म्हणतात तिला. अडकलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी नळीतील धूर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. हमरस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एका वेगाने गाडी चालली की हे काम आपोआप होते. घर ते दुकान सहा किलोमीटर, त्यात आठ सिग्नल, अशा चालण्यात इंजिन धड तापायच्या आतच बंद होते. काजळी साठत राहते. आमच्या सोसायटीतील एका निवृत्त गृहस्थांनी 2021 मध्ये डिझेल गाडी घेतली, ती भाजी आणि नातवाची शाळा यांपुरती. सहा-आठ महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागू लागला. त्यांनी दुर्लक्ष केले. मग गाडीची ताकद गेली, ती ओढून वर्कशॉपमध्ये न्यावी लागली. तेथे यंत्र लावून काजळी जाळली, ऑईल बदलले, बिल झाले. हे दोनदा घडल्यानंतर आता ते दर रविवारी सकाळी कारण नसताना सातारा रस्त्याने खेड शिवापूरपर्यंत जाऊन येतात. गाडी आपल्यासाठी आहे की आपण गाडीसाठी, असे त्यांची पत्नी विचारते. गाडीचा दोष काढण्यात अर्थ नाही, ती लांबच्या प्रवासासाठी घडलेली आहे.

भाच्याने मग शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला. "मामा, फर्मच्या नावावर घेतली तर जीएसटी परत मिळेल ना?" व्यापारी कुटुंबांत हा समज फार पक्का आहे, म्हणून येथे स्पष्ट लिहितो. चालकासह तेरा माणसांपर्यंत बसणाऱ्या प्रवासी गाडीवरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट कायद्यानेच अडवलेले आहे. गाड्यांचा विक्रेता, प्रवासी वाहतूक करणारा किंवा ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा असेल तरच ते मिळते. वह्या विकणाऱ्याला नाही. मागील सप्टेंबरच्या 22 तारखेपासून लहान गाड्यांवरील कर 28 टक्के आणि उपकर यांवरून 18 टक्क्यांवर आला, तेवढा लाभ सर्वांनाच आहे. आयकरात 15 टक्के घसारा मिळतो, तोही धंद्यातील वापरापुरता. वर्षात 180 दिवसांहून कमी वापर झाला तर निम्मा. धनत्रयोदशीला घेतलेल्या गाडीला पहिल्या वर्षी निम्माच घसारा पडतो तो यामुळे. आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर गाडी नोंदवणाऱ्यांनी आधी आरटीओचा दर पाहावा, महाराष्ट्रात तेथे रस्ता कर 20 टक्के लागतो. घसाऱ्यात वाचवायचे आणि नोंदणीतच त्याहून अधिक भरायचे, असे करणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत.

सीएनजीचा विचार आम्ही केला नाही असे नाही. पुण्यात किलोला नव्वदच्या आसपास भाव, किलोत वीस किलोमीटर धरले तर साडेचार रुपयांत काम होते, डिझेलहूनही स्वस्त. निव्वळ हिशेबात सीएनजीच जिंकते. परंतु डिकी हा स्टेशनरीवाल्याचा अर्धा टेम्पो असतो. अल्ट्रोझची 345 लिटरची डिकी सीएनजीच्या दोन टाक्यांमुळे 210 लिटरची होते. वह्यांचे नमुने, कंपासपेट्यांचे दोन खोके, त्यावर सूनबाईंची भाजीची पिशवी, हे त्यात बसेना. शिवाय पंपावरील रांग. त्याने ती कल्पना दोन मिनिटांत सोडली, मी आणखी थोडा वेळ धरून ठेवली असती.

सूनबाई या सगळ्यात स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एकदाच बोलल्या. "मामा, मला ऑटोमॅटिक हवी आहे. लक्ष्मी रोडला संध्याकाळी क्लच दाबून पाय भरून येतो. डिझेलमध्ये ती मिळतच नाही म्हणे." खरेच होते. अल्ट्रोझचे डिझेल फक्त हाताच्या गिअरचे मिळते, ऑटोमॅटिक पेट्रोलमध्येच आहे. गाडी आठवड्यातून चार दिवस त्या चालवतात, हे त्या दिवशी प्रथमच उघड झाले.

मला खटकला तो मुद्दा मात्र वेगळाच होता. पाडवा म्हणजे मार्च. वह्यांचा धंदा जूनचा, आणि जूनचा माल मार्च-एप्रिलमध्ये भरावा लागतो. त्याच महिन्यांत कारखानदार आगाऊ रक्कम मागतो, सीसी खात्याची मर्यादा टोकाला टेकलेली असते. आणि हा गडी डाऊन पेमेंटचे तीन लाख दुकानातून काढणार होता. डिझेलचे जादा 1 लाख 40 हजार म्हणजे त्याच्या दुकानात हंगामात दोनदा फिरणारा माल. तो दरवर्षी 20 हजार वाचवण्यासाठी गाडीच्या इंजिनात अडकवायचा का, हे मी त्याला विचारले. या प्रश्नाला त्याने लगेच उत्तर दिले, कारण तो त्याच्या भाषेतला होता. तो म्हणाला, "त्या पैशात माझा एक ट्रक लाँग बुक येतो, मामा."

एकांगी वाटू नये म्हणून आमच्या व्याह्यांचे सांगतो. त्यांचे कृषी अवजारांच्या सुट्या भागांचे काम आहे, पुणे-सोलापूर दर आठवड्याला आणि मधूनमधून लातूर. वर्षाला वीस-बावीस हजार किलोमीटर. हाच हिशेब वीस हजारांवर मांडला, सर्व्हिसिंगचे पाच हजार वजा केले, तर वर्षाला 48 हजार वाचतात आणि जादा रक्कम व्याजासह साडेतीन वर्षांच्या पुढेमागे वसूल होते. गाळणी तुंबण्याचा प्रश्न नाही, भरल्या गाडीला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये डिझेल जी ओढ देते ती पेट्रोल देत नाही. त्यांनी डिझेल घेतली, मीच घ्या म्हटले, आणि ते समाधानी आहेत. माझ्या मते वर्षाला पंधरा हजारांच्या खाली चालणाऱ्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये. पंधरा ते अठरा हजारांत ज्याने त्याने आपला हिशेब करावा.

दिल्लीकडे ज्यांची मुले किंवा भाऊबंद आहेत, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. तेथील राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदीचा आदेश हरित लवादाने 2015 मध्ये दिला आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्या आदेशात पुढे सवलती आल्या, तरी डिझेल गाडीचे आयुष्य इंजिनावर नव्हे तर न्यायालयाच्या तारखेवर ठरू शकते, हे तिथल्या लोकांनी पाहिले आहे. आपल्याकडे नोंदणी पंधरा वर्षांची आहे. दाजींच्या गाडीची 2027 च्या मार्चपर्यंत.

हाच आकडा शेवटी उपयोगी पडला. जुन्या गाडीचा क्लच बदलायचा होता, टायर जुने झाले होते. मेकॅनिकने दोन्हींचे मिळून जे सांगितले ते नव्या गाडीच्या दोन-अडीच हप्त्यांएवढे होते. दाजी इतका वेळ वर्तमानपत्र वाचत असल्यासारखे बसले होते. ते म्हणाले, "क्लच बदलून घे. जूनची वसुली होऊ दे, मग बघू."

पाडव्याला गाडी आली नाही. मार्चअखेरीस कारखान्याला आगाऊ रक्कम वेळेवर गेली, त्यावर दोन टक्के सूट मिळाली, हे त्याने मला मुद्दाम फोन करून सांगितले. जुलैत पेट्रोलची ऑटोमॅटिक नोंदवायची, कर्ज चार लाखांच्या वर न्यायचे नाही, असे आता ठरले आहे. रंग सूनबाई निवडणार आहेत. जुनी गाडी विकायची की दाजींना सकाळी सारसबागेत न्यायला ठेवायची, यावर ताई आणि दाजी यांच्यात अजून एकमत झालेले नाही.